टायटॅनियमचा झिजलेला भाग न वितळवता कसा भरतात?

विमानातला टायटॅनियमचा एखादा भाग एका जागी जेमतेम अर्धा मिलिमीटर झिजला, तरी मापात बसत नाही म्हणून तो अख्खा बाद होऊ शकतो. बाकी भाग ठणठणीत असतो आणि नवा घ्यायचा तर चांगलाच महाग पडतो.

मग तिथे वेल्डिंग करून धातू का भरत नाहीत? भरतात, पण टायटॅनियम तापले की अडचण सुरू होते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर ते हवेतला ऑक्सिजन झपाट्याने शोषू लागते आणि ठिसूळ होते. म्हणून वेल्डिंग आर्गॉन वायूच्या आवरणात करावे लागते. इतके करूनही उष्णतेने पातळ भाग वाकडा होण्याची भीती असतेच.

‘कोल्ड स्प्रे’ या तंत्रात धातू वितळवतच नाहीत. त्याचा शोध काहीसा अपघातानेच लागला. १९८० च्या दशकात सोव्हिएत संघातील नोवोसिबिर्स्क येथे अनातोली पापिरिन आणि त्यांचे सहकारी ध्वनीपेक्षा वेगवान वायुप्रवाहात बारीक कण सोडून प्रयोग करत होते. एका ठरावीक वेगापुढे धातूचे कण समोरचा पृष्ठभाग खरवडण्याऐवजी त्यालाच चिकटू लागले.

आज यासाठी नायट्रोजन किंवा हेलियम जास्त दाबाखाली तापवून खास नोझलमधून सोडतात. त्या झोतात मिसळलेली टायटॅनियमची भुकटी सेकंदाला कित्येकशे मीटर वेगाने आदळते. कण चपटा होतो, त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा फुटतो आणि कोरा धातू कोऱ्या धातूला घट्ट धरतो. ‘कोल्ड’ हे नाव तसे फसवे आहे, कारण वायू ८०० अंशांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त तापवतात. पण कण त्यात क्षणभरच असतात. टायटॅनियमच्या १,६६८ अंश वितळणबिंदूपासून ते बरेच खाली राहतात. थर जाड झाला की मशीनवर कापून मूळ मापात आणतात.

मात्र माप परत आले म्हणजे ताकद परत आली असे नाही. नायट्रोजनने दिलेल्या टायटॅनियमच्या थरात बारीक छिद्रे राहू शकतात. हेलियमने थर जास्त घट्ट बसतो, पण तो वायू महाग. ताजा थर ताणल्यावर लवकर तुटतो. भट्टीत तापवून तो सुधारता येतो, पण त्यासाठी निर्वात भट्टी लागते, म्हणजे टाळलेली उष्णता पुन्हा आलीच! त्यामुळे झीज किंवा ओरखडे भरायला ही पद्धत उत्तम. मोठा भार पेलणाऱ्या भागाला तडा गेला असेल, तर नुसता वरून थर देऊन तो पुन्हा विमानात बसवता येत नाही.