सनद कोणी मोडली?

जुलमी राजावर शस्त्र उचलावं की नाही, याचा खल प्रबोधनकाळातल्या युरोपीय पंडितांनी भरपूर केला. फ्लॉरेन्सच्या कोलुच्चो सालुतातीने १४००मध्ये जुलमी सत्ताधीशाच्या दोन जाती सांगितल्या: गादीवर हक्कच नसलेला आणि हक्क असून अन्यायाने वागणारा. १५७९मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंटांच्या बाजूने निघालेल्या एका लॅटिन ग्रंथाने पुढची अट घातली. प्रतिकार करायचा तो राजाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी. एकट्यादुकट्या रयतेने तलवार उपसायची नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला ही कसोटी लावली, तर ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध लढलेली तिथल्या देसाई घराण्यातली राणी चन्नम्मा तिला उतरते. तिचा शिपाई रायण्णा याच्यापाशी मात्र कसोटीच अपुरी पडते.

यावर आक्षेप ठरलेला आहे. १८१८मध्ये कंपनीचा सेनानी मन्रो याने बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा कित्तूरकर देसाई इंग्रजांच्याच बाजूने उभे होते. मग सहा वर्षांनी त्यांना जुलूम कसा दिसला? वतन जायची वेळ आली म्हणून तत्त्व आठवलं, असं कोणी म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही. पण त्या मदतीच्या बदल्यात कंपनीने सनद दिली होती आणि कित्तूर वर्षाला पावणेदोन लाख रुपये भरणार होतं. म्हणजे बंधन दोन्हीकडून होतं. १८२४मध्ये शिवलिंगरुद्र देसाई वारले, तेव्हा धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने त्यांचा दत्तक वारस नाकारून खजिन्याला मोहोर ठोकली. करार आधी कंपनीने मोडला. २३ ऑक्टोबरला तो फौजेसह किल्ल्यावर चालून आला आणि मारला गेला. स्टीव्हन्सन आणि एलियट हे त्याचे दोन साहाय्यक कित्तूरच्या हाती लागले. त्यांना मारलं नाही, वाटाघाटीत सुखरूप सोडलं. तरीही डिसेंबरात कंपनीने किल्ला घेतलाच.

हे परकं माप इथे कशाला, असंही विचारता येईल. पण देसाई-देशमुख हे राज्याचे वाटेकरी आहेत, ही जाण रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही आहे. अर्थात तिथे ती राज्यकर्त्याच्या संशयी नजरेतून येते.

खरी अडचण संगोळ्ळी रायण्णाची. तो साधा शेतसनदी, म्हणजे चाकरीच्या बदल्यात जमीन कसणारा शिपाई. किल्ला पडल्यावर कैद झालेली राणी बैलहोंगलच्या कैदेत असताना फेब्रुवारी १८२९मध्ये वारली. त्यानंतर त्याने दत्तक मुलाच्या नावाने लढा मांडला, कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. कंपनीच्या लेखी हा दरोडा, आणि त्या लॅटिन ग्रंथाच्या लेखीही त्याला अधिकार नव्हता. पण त्याची जमीनही सनदेवरच होती. देसायाला जो करार लागू, तो याला का नसावा? २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला फाशी दिलं. त्याला पकडून दिलं ते गावच्या गौडांनी, असं परंपरा सांगते. ग्रंथाच्या हिशेबाने प्रतिकाराचा अधिकार त्यांचा होता.