कोह ताओ : जिथे समुद्र हीच भिंत होती

१. थायलंडच्या आखातात कोह ताओ नावाचे जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे बेट आहे. ‘कोह’ म्हणजे बेट आणि ‘ताओ’ म्हणजे कासव. पाठीवर सॅक टाकून निघालेले जगभरातील तरुण आज येथे स्कूबा डायव्हिंग शिकायला येतात. ऐंशी वर्षांपूर्वी मात्र येथे माणसे आणली गेली होती ती कैदी म्हणून. (थ्रेड)

२. मुख्य भूमीवरील चुम्फोनपासून हे बेट सुमारे ७० किलोमीटर दूर आहे. पूर्वी कोळी वादळात आसऱ्याला येथे थांबत. १८९९ मध्ये राजा चुलालोंगकोर्न (पाचवा राम) येथे येऊन गेला आणि किनाऱ्यावरील एका प्रचंड शिळेवर त्याची आद्याक्षरे कोरली गेली. ती शिळा आजही तेथे आहे.

३. जून १९३२ मध्ये सयाममधील अनियंत्रित राजेशाही संपुष्टात आली. नव्या सरकारविरुद्ध ऑक्टोबर १९३३ मध्ये राजपुत्र बोवोरादेत याने बंड केले. बंड फसले, राजपुत्र फ्रेंच इंडोचायनात पळाला आणि त्याचे अनेक समर्थक तुरुंगात गेले.

४. १९३९ मध्ये यांतील अनेक कैदी अंदमान समुद्रातील तारुताओ बेटावर धाडले गेले. मराठी वाचकाला ‘काळे पाणी’ हा शब्द आठवावा, अशीच ही शिक्षा. परंतु काही कैदी होडीने निसटून ब्रिटिश अमलाखालील जवळच्या लंकावी बेटावर पोहोचले. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, उरलेले राजकीय कैदी कोह ताओवर हलवण्यात आले. येथून परक्या राज्याचा किनारा दृष्टिपथातही नव्हता.

५. जंगल, हिवताप आणि अपुरे अन्न हे येथील जिणे. उंच तटबंदीची गरजच नव्हती, कारण चहूबाजूंचा समुद्रच पहारा देत होता. आज ज्या निळ्याशार पाण्यासाठी लोक हजारो किलोमीटर प्रवास करून येतात, ते पाणी या कैद्यांच्या लेखी तुरुंगाची भिंत होते.

६. या कैद्यांत सो सेथापुत्र हा विद्वान होता. इंग्लंडमध्ये शिकलेल्या या माणसाने कैदेतच इंग्रजी-थाई शब्दकोशाचे काम केले आणि हस्तलिखिते तुरुंगाबाहेर चोरून पाठवली. दुसरा कैदी, बोवोरादेतचा भाऊ राजपुत्र सिथिपोर्न कृदाकर. आधुनिक शेतीच्या या पुरस्कर्त्याला पुढे १९६७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

७. ऑगस्ट १९४४ मध्ये खुआंग अफायवोंग पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी राजकीय कैद्यांची सुटका झाली. बेट ओस पडले. थोड्याच वर्षांत शेजारच्या कोह फा-न्गान बेटावरून काही कुटुंबे येथे आली. नारळाची लागवड आणि मासेमारी यांवर त्यांचा संसार उभा राहिला.

८. आता १९४३ कडेच पुन्हा वळावे लागते, पण फ्रान्समध्ये. देश जर्मनांच्या ताब्यात होता. नौदल अधिकारी झाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी त्याच वर्षी ‘अ‍ॅक्वा-लंग’ सिद्ध केले. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालवाव्या लागत होत्या. त्यासाठी गान्यांने बनवलेली झडप या शोधाचा पाया ठरली.

९. तोवर खोल पाण्यात काम करणारा पाणबुड्या बहुधा जड शिरस्त्राण घालून, वरून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधलेला असे. नव्या झडपेमुळे श्वास घेताच तेवढीच हवा मिळू लागली, तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने. १० मीटर खोलीवर हा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. माणूस नळीवाचून माशासारखा मोकळा झाला.

१०. यंत्र आले, पण ते वापरायला शिकवणार कोण? आरंभी ही विद्या नौदले आणि मोजके क्लब यांच्यापुरती होती. १९६६ मध्ये अमेरिकेत जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी ‘पॅडी’ ही संस्था काढली. टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम आणि जगभर चालणारे प्रमाणपत्र मिळू लागले. पहिल्या पूर्ण प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर.

११. प्रवासीही बदलत होते. युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे भारतात, गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत येणारी हिप्पींची खुष्कीची वाट १९७९ मधील इराणी क्रांतीने आणि अफगाणिस्तानातील सोव्हिएत आक्रमणाने मोडली. दरम्यान १९७५ मध्ये ‘लोनली प्लॅनेट’चे आग्नेय आशियाविषयीचे स्वस्त प्रवासाचे मार्गदर्शक आले होते. सॅकवाल्यांचा ओघ आता थायलंडकडे वाढला.

१२. आधी कोह सामुई, मग कोह फा-न्गान आणि १९८० च्या दशकात कोह ताओ. गर्दी वाढली की पुढचे, अधिक शांत बेट शोधायचे, ही सॅकवाल्यांची रीत. नारळाच्या बागांत लाकूड-बांबूच्या खोपट्या भाड्याने मिळू लागल्या.

१३. डायव्हिंगला हे बेट जणू बेतलेलेच निघाले. पाणी उबदार, खाड्या आडोशाच्या, किनाऱ्यालगत उथळ प्रवाळ, तर थोड्याच अंतरावर चुम्फोन पिनॅकलसारखे खोल खडक. शाळांनी अभ्यासक्रमाबरोबर राहण्याची सोय फुकट किंवा स्वस्तात दिली. तीन-चार दिवसांत, बेताच्या खर्चात पाणबुड्या होता येऊ लागले. कोह ताओ जगातील सर्वाधिक नवे डायव्हर घडवणाऱ्या ठिकाणांत गणले जाऊ लागले.

१४. या यशाची किंमत प्रवाळाने मोजली. प्रवाळ हा सजीव आहे. नवशिक्याच्या एका लाथेने मोडलेली फांदी पुन्हा वाढायला वर्षे लागतात. त्यातच २०१० मध्ये समुद्र तापला आणि थायलंडच्या दोन्ही किनाऱ्यांवर प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले.

१५. नैसर्गिक खडकांवरील भार हलका व्हावा म्हणून २०११ मध्ये ‘सत्ताकुत’ हे निवृत्त नौदल जहाज कोह ताओजवळ मुद्दाम बुडवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी बांधलेले हे जहाज पुढे थाई नौदलात आले होते. आज त्याच्या पोलादावर समुद्री जीव वाढतात आणि डायव्हर त्याभोवती फिरतात.

१६. चुम्फोनपासूनचे अंतर १९४३ मध्ये जेवढे होते तेवढेच आज आहे. बदलल्या त्या सरकारी आज्ञा, यंत्रे आणि वाटा. कैद्यांना अडवणारी भिंत १९४४ मध्ये एका निर्णयाने पडली. प्रवाळाचे तसे नाही. ते एकदा नष्ट झाले, तर कोणत्याही पंतप्रधानाच्या सहीने ते परत येणार नाही.