मकरंदाचे प्रयोजन : श्प्रेंगेलचा शोध आणि डार्विनचा आक्षेप

फुलात मकरंद कशासाठी असतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातही उपलब्ध नव्हते. मकरंद वाढत्या बीजाचे पोषण करतो, अशी समजूत प्रचलित होती. योझेफ कोलरॉयटरने १७६१ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत परागीभवनातील कीटकांचा सहभाग दाखवून दिला; परंतु फुलाची संपूर्ण रचनाच या दृष्टीने वाचण्याचे श्रेय बर्लिनजवळील श्पांडाऊ येथील एका शाळाप्रमुखाकडे जाते.

ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल याला १७८७ मध्ये रानटी जिरेनियमच्या पाकळ्यांच्या तळाशी सूक्ष्म केस आढळले. पावसाच्या पाण्यापासून मकरंदाचे रक्षण करणे हे त्यांचे कार्य असावे, असा त्याने तर्क केला. पुढील वर्षी फर्गेट-मी-नॉटच्या निळ्या फुलातील पिवळे वर्तुळ ही कीटकाला मकरंदाकडे नेणारी खूण होय, हे त्याच्या ध्यानी आले. या निरीक्षणांवरून त्याने पुढचा निष्कर्षही काढला : रात्री उमलणाऱ्या फुलांवर अशा खुणा नसतात, कारण अंधारात त्या निरुपयोगी ठरतील, वाऱ्याने परागीभवन होणाऱ्या फुलांत मकरंदच नसतो. म्हणजे फुलाचे रूप पाहून पाहुणा कोण, हे सांगता येते. साडेचारशेहून अधिक वनस्पतींचे वर्णन करणारा त्याचा ग्रंथ १७९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही आणि १७९४ मध्ये श्प्रेंगेलला शाळेतील पदही गमवावे लागले.

या रचनेत त्याला विधात्याची योजना दिसे. परपरागीभवनाने वनस्पतीला काय लाभ होतो, हा प्रश्न त्याने सोडवला नाही. ती उणीव चार्ल्स डार्विनने भरून काढली. रॉबर्ट ब्राउनच्या सूचनेवरून त्याने १८४१ मध्ये हा ग्रंथ वाचला होता. मादागास्करच्या एका ऑर्किडची साडेअकरा इंच लांब मधुनलिका, तिच्या तळाच्या दीड इंचातच साठलेला मकरंद आणि त्यावरून तेवढ्याच लांब सोंडेच्या पतंगाचे डार्विनने १८६२ मध्ये केलेले भाकीत सुपरिचित आहे. १९०३ मध्ये तसा पतंग वर्णिला गेला.

तथापि याच १८६२ च्या ग्रंथातील दुसरा प्रसंग क्वचितच सांगितला जातो, वास्तविक तो अधिक उद्बोधक आहे. ऑर्किस प्रजातीच्या फुलांना मधुनलिका असूनही तीत मकरंद नसतो, ही फुले कीटकांना फसवतात, असे श्प्रेंगेलने लिहिले होते. डार्विनला हे पटेना. कीटक पिढ्यानपिढ्या फसत राहतील, हे त्याला अशक्य वाटले. नलिकेच्या आतील पडदा भेदून कीटक पेशींमधील रस शोषत असावेत, अशी पर्यायी उपपत्ती त्याने मांडली. उत्क्रांतिवादाच्या जनकाला फसवणुकीची उत्क्रांती पटू नये, हा विरोधाभासच होय.

निर्णय अखेर शाळाप्रमुखाच्या बाजूने लागला. ऑर्किडच्या सुमारे एकतृतीयांश जाती परागवाहकांना काहीही मोबदला देत नाहीत, असा आज अंदाज आहे. नुकत्याच बाहेर पडलेल्या अननुभवी माश्या अशा फुलांना भेट देतात आणि दोन-चार फुलांनंतर निराश होऊन दूर निघून जातात. त्यामुळे फळधारणा कमी होते. परंतु परागही त्यांच्याबरोबर दूरच्या रोपापर्यंत जातात आणि एकाच झाडाच्या फुलांमधील परागीभवन बरेचसे टळते.