कौटुंबिक अन्याय व विवाहित स्त्री

सासरी होणारी मारहाण, हुंड्यासाठी छळ, उपासमार, सवत आणणे, टाकून देणे इ. अन्याय विवाहित स्त्री पुष्कळदा तक्रार न करता सोसते. परंपरेने हा सोशिकपणा स्त्रीचा स्वभावधर्म व पातिव्रत्याचे लक्षण मानला. महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास पाहता तो स्वभावापेक्षा व्यवस्थेचा परिणाम ठरतो. परतण्यास घर नाही, उपजीविकेचे साधन नाही आणि कायद्याचा आधार नाही, अशा स्थितीत सोसणे हाच जगण्याचा मार्ग उरतो.

मिताक्षरा पद्धतीनुसार एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा नव्हता. स्त्रीधनावर तिचा हक्क असला, तरी ते बहुधा सासरच्यांच्या ताब्यात राही. बालविवाहामुळे ती अजाण वयात सासरी जाई. परतलेल्या मुलीमुळे धाकट्या बहिणींची लग्ने अडतात, या भयाने माहेरची माणसेही तिला समजावून परत पाठवीत. मराठी समाजातील अनेक जातींत भावाची मुलगी सून करून घेण्याची चाल आहे. अशा नात्यात सुनेची तक्रार म्हणजे बहीण-भावातील वितुष्ट ठरे. सासुरवासाच्या दुःखाची जाणीव स्त्रियांना नव्हती असे नाही. जात्यावरील ओव्यांत ती विपुल आढळते. ती चावडीपर्यंत मात्र पोहोचत नसे.

काडीमोड व पाट या रूढींमुळे अनेक जातींतील स्त्रियांना काहीसा मार्ग खुला होता. तथापि पतीच्या संमतीविना जातीने स्त्रीला दिलेली पुनर्विवाहाची मोकळीक मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये अमान्य केली. अशा रीतीने इंग्रजी अंमलात काही बाबतींत स्त्रीची वाट अधिकच अरुंद झाली. ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या पुस्तकात स्त्रीला एक न्याय व पुरुषाला दुसरा, या रीतीवर प्रखर टीका केली.

या संदर्भात रखमाबाईंचा (१८६४–१९५५) खटला विशेष महत्त्वाचा आहे. वयाच्या अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी पती दादाजी भिकाजी याच्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. त्याने १८८४ मध्ये दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. परंतु अपिलानंतर फेरसुनावणी होऊन मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा निकाल दिला. रखमाबाईंनी कैद पतकरण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे सेवा केली. त्यांच्यापाशी शिक्षण, आईचे घर आणि पाठीराखे होते. बहुसंख्य स्त्रियांपाशी यांपैकी काहीच नव्हते. नांदण्यास नकार देणाऱ्या स्त्रीला कैदेची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने मुंबई इलाख्यातील द्विभार्या-प्रतिबंध (१९४६) व घटस्फोट (१९४७) यांविषयीचे कायदे तेथे लागू नव्हते. हिंदू विवाह अधिनियम (१९५५) व उत्तराधिकार अधिनियम (१९५६) यांनी हिंदू स्त्रियांपुरती ही उणीव भरून काढली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. तरीही मुरुड (जि. लातूर) यांसारख्या शेतीप्रधान गावांत हा हक्क मागणे म्हणजे माहेर तोडणे, अशी समजूत प्रबळ आहे. भावाच्या नावे हक्कसोड करून बहीण माहेरची वाट खुली ठेवते. परंतु संकटात आधार ठरेल अशी जमीनही गमावते.

हुंडाबंदी (१९६१), छळास शिक्षा (१९८३) आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण (२००५) हे त्यानंतरचे टप्पे होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी देशात सु. २९ टक्के व महाराष्ट्रात सु. २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ सु. १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितली. यावरून कायदा आवश्यक असला तरी पुरेसा नाही, हे स्पष्ट होते. स्वतःच्या नावाची मिळकत, स्वतःची कमाई आणि लग्नानंतरही उघडे राहणारे माहेरचे दार यांवाचून तो कायदा वापरण्याचे बळ स्त्रीला लाभत नाही.