इंजिनाचा ताप

असोदा म्हटले की बहिणाबाई चौधरींचे माहेर एवढेच बहुतेकांना आठवते. जळगावजवळच्या या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशाच एका दुपारी मी तिथल्या गॅरेजात बसलो होतो. माझी गाडी काळा धूर सोडत होती, पेट्रोल जास्त पीत होती, आणि शहरातल्या एका गॅरेजने थेट गाडीचा कॉम्प्युटर बदलायला सांगितले होते. असोद्याच्या मिस्त्रीने काही न बोलता इंजिनातला बोटभर लांबीचा पितळी सेन्सर काढला आणि गॅसवर भगोणे ठेवले.

इंजिनाचा ताप पाहण्याची धडपड मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांनी १९१२ मध्ये ‘मोटोमीटर’चे पेटंट घेतले. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला तो तापमापक चालकाला काचेतून दिसे. त्यात एक खोट होती. तो पाण्याचा नव्हे, पाण्यावरच्या वाफेचा ताप दाखवी. आपल्याकडे अँबॅसडर आणि पद्मिनीच्या काळात डॅशबोर्डवर काटा होता, तरी चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना चालकाचा भरवसा नाकावर, कानावर आणि डिकीतल्या पाण्याच्या कॅनवर असे.

आजच्या सेन्सरचे मूळ मात्र मोटारीच्याही आधीचे आहे. धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो. १८३३ मध्ये मायकेल फॅरेडे यांना चांदीच्या सल्फाइडमध्ये उलटे घडताना दिसले. ते तापवले की वीज अधिक सहज वाहू लागे. या गुणाचे ‘थर्मिस्टर’ व्हायला विसावे शतक उजाडले. १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन-यंत्रणा फोक्सवॅगनमध्ये आली आणि इंजिनाचे तापमान इंधनाचे माप ठरवू लागले. भारतात हा बदल प्रदूषणाच्या नियमांनी घडवला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो मानके सक्तीची केली. त्यानंतर पेट्रोल गाड्यांतला कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ देशभर लागू झाले.

कॉम्प्युटर सेन्सरच्या वाटेवर पाच व्होल्टचा पुरवठा देतो आणि तिथल्या व्होल्टेजवरून ताप ओळखतो. रोध जास्त म्हणजे इंजिन थंड. मग तो थंडीतल्या सकाळी चोक ओढावा तसे पेट्रोल वाढवतो. वायर तुटली तर अनेक गाड्यांत तो उणे चाळीस अंश वाचतो. बाहेर खानदेशचा मे असला तरी!

मिस्त्रीने सेन्सर दोऱ्याने पाण्यात सोडला. तळाला टेकू दिला नाही, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापतो. शेजारी तापमापक, दोन पिनांना मल्टिमीटर. कंपनीनुसार आकडे बदलतात, पण अनेक गाड्यांत वीस अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि ऐंशीला तीनशेच्या आसपास असा हिशेब असतो. पाणी तापत गेले तसा आकडा न अडखळता उतरत गेला. उकळी हीसुद्धा एक साक्षच. समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर पाणी नव्याण्णव अंशांच्या थोडे वर उकळते, म्हणजे तापमापकही तिथे पडताळून घेता येतो.

सेन्सर खरे बोलत होता. मिस्त्रीने मग त्याचा प्लग उघडला. एका पिनेवर हिरवा गंज चढला होता. त्या गंजाचा रोध सेन्सरच्या रोधात मिळत होता आणि तापलेले इंजिन कॉम्प्युटरला गार वाटत होते. पिना घासल्या, प्लग घट्ट बसवला, कूलंट भरून हवा काढली. नवा कॉम्प्युटर लावूनही तो गंज तिथेच राहिला असता.

आम्ही जुने कागद चाळणारे लोक एक नियम पाळतो. साक्ष मिळाली की साक्षीदाराला काय दिसत होते आणि त्याचे बोलणे आपल्यापर्यंत कोणत्या हातांनी पोहोचले, हे पाहायचे. मोटोमीटर वाफेची साक्ष पाण्याची म्हणून देत होता. माझ्या गाडीत साक्ष खरी होती, पण निरोप वाटेत बिघडला होता. स्कॅनर फक्त पोहोचलेला निरोप वाचतो. साक्षीदाराची उलटतपासणी करायला अजून भगोणे, पाणी आणि धीर लागतो. गॅरेजांतून यांपैकी धीर आधी संपत चालला आहे, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक सुट्या भागांच्या बिलात भरते.