पहिल्या आज्ञेचा इतिहास : विनोदी अद्भुतरम्य साहस-खेळ आणि नवखा खेळाडू (१९७५ ते १९९०)

प्रास्ताविक

संगणकीय खेळांचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्षमतेच्या आणि कंपन्यांच्या उदयास्ताच्या अंगाने लिहिला जातो. खेळाडू पडद्यासमोर प्रथम बसतो तेव्हा आता काय करावे हे त्याला कसे कळते, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. बुद्धिबळ किंवा सोंगट्यांच्या खेळात नियम आधी समजावून सांगितले जातात व नंतर पट मांडला जातो. साहस-खेळाचे तसे नाही. या प्रकारात खेळाडू एका कथेतील पात्राला हिंडवतो, वस्तू गोळा करतो, इतर पात्रांशी बोलतो आणि कोडी सोडवत पुढे जातो. या जगात काय शक्य आहे आणि काय नाही हे शोधून काढणे हाच तेथे खेळाचा गाभा असतो. साहजिकच ज्याला सुरुवात जमली नाही, त्याच्यासाठी खेळ अस्तित्वातच येत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रकारातील काही महत्त्वाच्या खेळांच्या पहिल्या घटकेचा विचार केला आहे. अद्भुतरम्य साहस-खेळांना विनोदाची जोड फार लवकर मिळाली. ही जोड केवळ करमणुकीपुरती नव्हती. नवख्याची चूक परवडण्याजोगी करणे हे विनोदाचे येथील खरे कार्य होते आणि ते ओळखले जाण्यास सुमारे पंधरा वर्षे लागली, असे या खेळांकडे पाहता म्हणता येते.

गुहेचे तोंड आणि पांढरे घर

या परंपरेचा आरंभ ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ या केवळ मजकुरावर चालणाऱ्या खेळापासून धरला जातो. त्याचे कर्ते विल क्राउदर हे अमेरिकेतील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत प्रोग्रॅमर होते. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या विस्तीर्ण गुहाव्यूहाच्या सर्वेक्षणात ते व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी भाग घेतला होता. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून १९७५-७६ च्या सुमारास क्राउदर यांनी पीडीपी-१० या संगणकावर, फोरट्रान भाषेत हा खेळ लिहिला. संगणकाशी संबंध नसलेल्या माणसाला त्याची धास्ती वाटू नये, म्हणूनच आज्ञा नेहमीच्या भाषेत देण्याची सोय केली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे नवख्याची चिंता या परंपरेच्या मुळाशीच होती.

ती कितपत फळली हा निराळा प्रश्न. नेहमीच्या भाषेचा अर्थ येथे एक किंवा दोन इंग्रजी शब्द एवढाच होता. रस्त्याच्या टोकाशी उभा असलेला खेळाडू जवळच्या विटांच्या लहान इमारतीत शिरतो, तेथे त्याला किल्ल्या, कंदील, अन्न व बाटली मिळते, आणि मग ओढ्याच्या कडेने तो गुहेवरच्या कुलूपबंद जाळीपाशी पोहोचतो. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स यांनी या खेळाचा विस्तार करून त्याला ३५० गुणांची मोजदाद दिली. अद्भुताचा सारा भाग वुड्स यांनी घातला, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील जुन्या साठ्यातून क्राउदर यांची मूळ संहिता २००५ मध्ये हाती आली आणि डेनिस जेर्झ यांनी २००७ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कुऱ्हाड फेकणाऱ्या बुटक्यासारखे अद्भुत घटक मुळातच होते हे स्पष्ट झाले. मौखिक आठवणींवर विसंबून लिहिलेला इतिहास, अगदी तीस वर्षांपूर्वीच्या घटनेचाही, किती ढिसाळ असू शकतो याचे हे बोलके उदाहरण होय.

‘झॉर्क’ हा खेळ मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९७७ पासून टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग यांनी रचला. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉम कंपनीने त्याचा पहिला भाग १९८० मध्ये घरगुती संगणकांसाठी बाजारात आणला. त्याची सुरुवात विशेष पाहण्यासारखी आहे. पांढऱ्या घराच्या पश्चिमेला मोकळे मैदान, घराचा दरवाजा फळ्या ठोकून बंद केलेला, आणि समोर एक टपालपेटी. पेटी उघडावी, आतील पत्रक घ्यावे, ते वाचावे : एवढ्या तीन कृतींत उघडणे, घेणे व वाचणे ही तीन क्रियापदे खेळाडूच्या अंगवळणी पडतात, आणि आपल्याला काही शिकवले गेले हे त्याच्या ध्यानातही येत नाही. घराच्या मागील बाजूस किलकिली खिडकी आहे; आत कंदील व तलवार आहे; गालिच्याखाली तळघराचे दार आहे. कंदील न घेता अंधारात हिंडणाऱ्याला ‘ग्रू’ नावाचा अदृश्य प्राणी खाऊन टाकतो.

‘झॉर्क’ला पूर्ण वाक्ये समजत. ही प्रगतीच होती, परंतु तिच्यामुळे एक नवी अडचण उभी राहिली. दोन शब्दांची मर्यादा असताना खेळाडू फार काही मागू शकत नव्हता. वाक्य लिहिण्याची मुभा मिळताच तो वाटेल ते लिहू लागला आणि त्यातील बहुतेक गोष्टी यंत्राला करता येत नव्हत्या. ही पोकळी कर्त्यांनी थट्टेने भरली. निवेदकाचा आवाज खट्याळ झाला. असंभाव्य आज्ञेला कोरडा नकार देण्याऐवजी टोला मिळू लागला. विनोदाचा या परंपरेतील प्रवेश बऱ्याच अंशी अशा तांत्रिक गरजेतून झाला आहे. तरीही खेळात अडकून पडणाऱ्यांची संख्या एवढी होती, की अदृश्य शाईत छापलेल्या उत्तरांच्या पुस्तिका विकणे हा इन्फोकॉमचा जोडधंदाच बनला. पुस्तिकेसोबत मिळणारे खास पेन फिरवले की हवी तेवढीच सूचना उमटे.

मरणाचा विनोद

चित्रांच्या आगमनाने सुरुवात सोपी होईल अशी अपेक्षा होती. रोबर्टा विल्यम्स यांच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ने (सिएरा ऑन-लाइन, १९८४) पडद्यावर हालचाल करणारे पात्र आणले. आज्ञा मात्र अजूनही टंकलिखित कराव्या लागत. किल्ल्यासमोरच्या खंदकात पाय घसरला की खेळ संपला. म्हणजे पहिल्याच दृश्यात, काही कळण्यापूर्वी, नायकाचा मृत्यू. त्याच कंपनीच्या ‘स्पेस क्वेस्ट’मध्ये (१९८६) स्कॉट मर्फी व मार्क क्रो यांनी याच मृत्यूंना विनोदाचा विषय केले. खेळाडू नाना प्रकारांनी मरतो आणि प्रत्येक मरणावर एक शेरा मिळतो. त्या मरणांची गोडी असणारे खेळाडू होते, आजही आहेत, आणि त्यांची आवड खोटी ठरवण्याचे कारण नाही. तथापि हा विनोद खेळाडूच्या फजितीवर बेतलेला होता. त्याचा आस्वाद घेण्यासाठी दर काही पावलांनी खेळ जतन करून ठेवण्याची शिस्त आधीच अंगी असावी लागे, आणि नवख्याजवळ नेमकी तीच नसे.

लुकासफिल्म गेम्सच्या ‘मॅनियाक मॅन्शन’ने (१९८७) टंकलेखनच काढून टाकले. रॉन गिल्बर्ट व गॅरी विनिक यांच्या या खेळात क्रियापदे पडद्याच्या खालच्या भागात मांडलेली होती. त्यांतील एकाकडे आणि मग एखाद्या वस्तूकडे निर्देश केला की वाक्य तयार होई. काय करता येईल हा प्रश्न त्यामुळे मिटला. काय केल्यास घात होईल हा प्रश्न शिल्लक राहिला, कारण या खेळातही मृत्यू होते. १९८९ मध्ये गिल्बर्ट यांनी संगणकीय खेळांच्या रचनेला वाहिलेल्या एका नियतकालिकात साहस-खेळांतील दोषांवर एक परखड लेख लिहिला. खेळाडूला शिकण्यासाठी मरावे लागू नये, आणि मागे सुटलेल्या वस्तूमुळे पुढचा मार्ग कायमचा बंद होऊ नये, हे त्यातील दोन आग्रह. बोट आपल्याकडेही वळवणारी अशी टीका या व्यवसायात विरळाच.

मेले बेटावरील पहिली रात्र

ऑक्टोबर १९९० मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी हे आग्रह प्रत्यक्षात आणले. मृत्यू वगळण्याचे सारे श्रेय या खेळाला देण्याची प्रथा मात्र तपासून घेतली पाहिजे. त्याच वर्षी, त्याच्या आधी, त्याच कंपनीच्या ‘लूम’ या ब्रायन मोरिआर्टी यांच्या खेळात तसे घडले होते. ‘लूम’ची प्रकृती गंभीर होती. ‘मंकी आयलंड’चे वेगळेपण असे, की मृत्यू गेल्यामुळे रिकामी झालेली जागा तेथे विनोदाने घेतली.

खेळ सुरू करण्याचा पहिला अडथळा यंत्राबाहेरचा होता. नकली प्रती रोखण्यासाठी खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन फिरत्या चकत्या दिलेल्या असत. पडद्यावर दिसणाऱ्या चाच्याचा चेहरा त्या फिरवून जुळवायचा आणि खिडकीत दिसणारे साल टंकित करायचे. तेवढे झाले की रात्रीच्या वेळी मेले बेटाच्या कड्यावर एका वृद्ध टेहळ्यासमोर गायब्रश थ्रीपवुड हा तरुण येतो आणि आपल्याला चाचा व्हायचे आहे असे सांगतो. त्याला काहीच येत नाही. खेळाडूलाही काही येत नाही. नायकाचे अज्ञान आणि खेळाडूचे अज्ञान असे एकाच पातळीवर आणल्यामुळे प्रत्येक बावळट प्रश्न कथेत स्वाभाविक ठरतो.

पडद्यावर बारा क्रियापदे आहेत, पण पहिली स्वाभाविक जागा म्हणजे खालची खानावळ. तेथे गप्पा मारता मारता बेटाची हकिगत कळते आणि आत बसलेले तीन प्रतिष्ठित चाचे तीन परीक्षा नेमून देतात : तलवारबाजी, चोरी आणि खजिन्याचा शोध. तीन मार्ग एकाच वेळी उघडे असल्याने एकात अडलेला खेळाडू दुसऱ्याकडे वळू शकतो. आचारी बाहेर जाताच मुदपाकखान्यात शिरावे, भांडे उचलावे. मागच्या धक्क्यावरील सैल फळीवर पाय आपटून समुद्रपक्ष्याला उडवावे आणि मासा घ्यावा. हे भांडे पुढे सर्कशीत उपयोगी पडते. तोफेतून उडण्यासाठी शिरस्त्राण आहे का, अशी विचारणा होते, आणि भांडे डोक्यावर घालण्याची कल्पना ज्याला सुचते त्याला मोबदल्यात ४७८ नाणी मिळतात. वस्तूचा नेमून दिलेला उपयोग बाजूला ठेवून विचार करावा, हा साहस-खेळाचा मूलमंत्र नवखा येथे हसता हसता उचलतो.

या दृष्टीने तलवारबाजीची परीक्षा अधिक विचारणीय आहे. येथे तलवारीचे कौशल्य गौण असून प्रतिस्पर्ध्याच्या खोचक वाक्याला तितकेच खोचक उत्तर देणारा जिंकतो. तमाशातील सवाल-जवाब परिचित असलेल्या वाचकास ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. सुरुवातीला गायब्रशजवळ उत्तरे नसतात, त्यामुळे तो हरतो. हरताना ऐकलेले वाक्य त्याच्या संग्रही जमा होते आणि पुढच्या लढतीत ते त्याला वापरता येते. पराभवाखेरीज शिकण्याचा मार्गच नाही आणि पराभवाची किंमत काहीच नाही. अखेरीस तलवारबाजीची गुरू कार्ला भेटते तेव्हा ती निराळेच टोमणे मारते, आणि जुनीच उत्तरे नव्या टोमण्यांना कशी लागू पडतील हे ताडावे लागते. पाठांतराकडून उपयोजनाकडे नेणारी ही चढण अध्यापनशास्त्राच्या दृष्टीनेही नेटकी म्हणावी अशी आहे. या टोमण्यांपैकी काहींचे लेखन ऑर्सन स्कॉट कार्ड या कादंबरीकाराने केले होते.

मृत्यूचीही चेष्टा आहे. कड्यावरून कोसळलेला नायक खाली उगवलेल्या रबराच्या झाडावर आपटून परत वर येतो. सिएराच्या खेळांवरचा हा उघड टोमणा होय. मृत्यू होऊ शकतो तो फक्त पाण्याखाली, तोही दहा मिनिटे काहीच न केल्यास. दुसरी एक थट्टा मात्र अंगलट आली. जंगलातील एका खोडात डोकावल्यास खोक्यात नसलेल्या क्रमांकाची चकती संगणकात घालण्याची सूचना येई. ती खरी समजून लोकांनी कंपनीच्या मदतकेंद्राला दूरध्वनी केले आणि पुढील आवृत्तीतून ती काढावी लागली. यंत्राचा इशारा कोणता आणि कथेतील विनोद कोणता, हे ओळखण्याची सवय सर्वच खेळाडूंना असते, असे कर्त्यांनी गृहीत धरले होते.

भाषेचा उंबरठा

मृत्यू आणि टंकलेखन हे दोन अडसर दूर झाल्यावर तिसरा अधिक ठळकपणे दिसू लागला. धक्क्यावर मिळणारा मासा हा लाल हेरिंग आहे. दिशाभूल करणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत याच माशाचे नाव देतात. पुलावरचा राक्षस वाट सोडण्यासाठी लक्ष वेधून घेणारी पण बिनमहत्त्वाची अशी एक वस्तू मागतो, तेव्हा उत्तर वाक्प्रचारातच दडलेले असते. तो वाक्प्रचार ठाऊक नसलेल्याला साऱ्या वस्तू एकामागून एक देऊन पाहाव्या लागतात. १९९१ च्या दुसऱ्या भागात तर एका माकडाचा पान्यासारखा वापर करायचा असतो, कारण अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याच्या नावात माकड आहे. त्या पान्याला ब्रिटनमध्ये निराळे नाव असल्याने इंग्रजी बोलणारे ब्रिटिश खेळाडूही तेथे अडखळले. जर्मन, फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश आवृत्ती निघाल्या. पहिल्या भागाचे जर्मन भाषांतर करणाऱ्या बोरिस श्नायडर यांना संवादांच्या बरोबरीने टोमणे आणि उत्तरे यांच्या जोड्याही नव्याने जुळवाव्या लागल्या. चूक स्वस्त करणारा विनोद भाषा बदलताच महाग होतो, आणि या परंपरेच्या इतिहासकारांनी, बहुशः ते स्वतः इंग्रजीभाषक असल्यामुळे, या बाजूकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

जुने खेळ आज सुरू करता येतात ते मुख्यतः २००१ मध्ये आरंभलेल्या ‘स्कमव्हीएम’ या मुक्त प्रणालीमुळे. ‘मंकी आयलंड’च्या २००९ च्या नव्या आवृत्तीत एक कळ दाबून जुनी चित्रे पाहता येतात आणि अडलेल्याला टप्प्याटप्प्याने सूचना मिळतात. गिल्बर्ट व ग्रॉसमन यांनी २०२२ मध्ये आणलेल्या ‘रिटर्न टू मंकी आयलंड’मध्ये सूचनांचे पुस्तक नायकाच्या सामानातच असते. खेळाच्या आरंभीच्या सूचीत एक चिकटवहीही ठेवली आहे. तिची पाने उलटताना गायब्रश पूर्वीच्या भागांची हकिगत नवख्यांना स्वतःच्या तोंडाने, आणि अर्थातच स्वतःच्या सोयीने, सांगतो.