स्प्रिंग तुटली? दुकानात जाण्याआधी ही पाच मापं घ्या. 'अशीच द्या' म्हणणं महागात पडू शकतं

केडगाव (ता. दौंड) : उसाचं रान मोकळं करून कांद्याची तयारी सुरू असते आणि नेमकी तेव्हाच कल्टिव्हेटरच्या फणाची स्प्रिंग तुटते. ट्रॅक्टर उभा राहतो. तुटलेला तुकडा पिशवीत टाकून दुकान गाठलं जातं आणि 'अशीच द्या' म्हणून दिसायला सारखी स्प्रिंग घरी येते. पण दिसायला सारखी स्प्रिंग ताकदीला सारखी असेलच असं नाही. ती जास्त कडक निघाली तर फण दगडाला अडूनही मागे सरत नाही आणि वाकतो. नरम निघाली तर फण उथळ चालतो, डिझेल मात्र तेवढंच जळतं.

स्प्रिंग दाबाची की ओढीची?

पहिला प्रश्न हाच. दाबाच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये फट असते आणि ती दाबली की जोर देते. मोटारसायकलचे मागचे शॉकअब, इंजिनाचे व्हॉल्व्ह, बोअरच्या पाइपातला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह अशा ठिकाणी ती असते.

ओढीच्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात आणि दोन्ही टोकांना आकडे असतात. दुचाकीचा साइड स्टँड, ड्रम ब्रेकचे लायनर आणि लटकवायचा स्प्रिंग काटा ही तिची उदाहरणं. स्प्रिंगवाल्या कल्टिव्हेटरलाही एका फणाला सहसा दोन जाड स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. दगड किंवा मूळ लागलं की फण मागे झुकतो, अडथळा गेला की पुन्हा जागेवर येतो.

दोघींत मोठा फरक आहे. दाबाची स्प्रिंग तुटली तरी बहुतेक वेळा तुकडे जागेवरच अडकून राहतात. ओढीची स्प्रिंग मात्र आकड्यापाशी तुटते आणि भार एकदम सुटतो. म्हणून जिथे भार सुटल्यावर माणसाला इजा होऊ शकते, तिथे नवीन जुगाड करताना दाबाची स्प्रिंग बसेल का, हे आधी बघावं.

ही पाच मापं लिहून न्या

१. तारेची जाडी. ही व्हर्नियरनेच मोजावी, पट्टीने अंदाज चुकतो.
२. बाहेरचा व्यास.
३. भार नसतानाची मोकळी लांबी. तुटलेली स्प्रिंग ताणली गेलेली असते, म्हणून शेजारच्या चांगल्या स्प्रिंगवरून माप घ्यावं.
४. वेढ्यांची संख्या. दाबाच्या स्प्रिंगची टोकं मिटलेली असतील तर दोन्ही टोकांचा एकेक वेढा कामाचा धरत नाहीत.
५. टोकं कशी आहेत. दाबाच्या स्प्रिंगची टोकं घासून सपाट केलीत का, ओढीच्या स्प्रिंगचे आकडे कोणत्या दिशेला आहेत, हे बघावं.

तारेच्या जाडीत खरी गोम

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. बाकी सगळं तेवढंच ठेवून ४ मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटर तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे अडीच पट कडक होते. वेढ्याचा व्यास वाढला की उलट होतं. तारेच्या मध्यापासून मोजलेला व्यास दुप्पट केला तर कडकपणा आठव्या हिश्श्यावर येतो. वेढे वाढले तरी स्प्रिंग नरम होते.

म्हणूनच लांब स्प्रिंग कापून बसवणं धोक्याचं असतं. कामाच्या दहा वेढ्यांतले दोन कापले तर स्प्रिंग २५ टक्के कडक होते, शिवाय दबायची जागाही कमी होते.

घरच्या घरी तपासणी

लहान ओढीची स्प्रिंग मजबूत हुकाला अडकवून १० किलो वजन लावा आणि लांबी मोजा. मग २० किलो लावून पुन्हा मोजा. लांबी १५० वरून १७० मिलिमीटर झाली, तर १० किलोला २० मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला अर्धा किलो. दोन वजनं लावायचं कारण असं की ओढीच्या स्प्रिंगचे वेढे थोडा भार येईपर्यंत उघडतच नाहीत. वजन काढल्यावर लांबी पहिल्याइतकी झाली नाही, तर ती स्प्रिंग बाद समजावी.

बसवताना हे पाळा

दाबाची स्प्रिंग पूर्ण दाबल्यावरही वेढ्यांत थोडी फट उरली पाहिजे. मोकळी लांबी व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त असेल तर स्प्रिंग मधूनच वाकते. तिला आतून दांडा किंवा बाहेरून नळीचा आधार द्यावा. दाबल्यावर व्यास किंचित वाढतो, म्हणून नळी घट्ट नको.

फणाच्या दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलाव्यात. एक जुनी आणि एक नवी ठेवली तर भार सारखा वाटला जात नाही.

तुटलेल्या आकड्याला वेल्डिंग करू नये, गॅसने तापवून नवा आकडाही वळवू नये. उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग तिथेच पुन्हा जाते. गंजाचे खड्डे पडले असतील तर वरून रंग मारून उपयोग नाही, तडा त्या खड्ड्यातूनच सुरू होतो. कायम पाण्यात राहणाऱ्या व्हॉल्व्हला स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग घ्यावी. मात्र त्याच मापात ती साध्या पोलादापेक्षा थोडी नरम असते.

स्प्रिंग नव्याने बनवून घ्यायची असेल तर तार आयएस ४४५४ या भारतीय मानकाची आहे का, हे विचारावं. साधी बांधकामाची तार वळवून केलेली स्प्रिंग एकदा ताणली की परत येत नाही.

आधी जीव, मग काम

स्प्रिंग काढण्याआधी ट्रॅक्टर बंद करून अवजार जमिनीवर टेकवावं. ताणलेल्या स्प्रिंगच्या रेषेत तोंड किंवा हात ठेवू नये. डोळ्यांना चष्मा लावावा आणि नट थोडा थोडा सैल करावा. पहारीने आकडा उचकटला तर स्प्रिंग गोळीसारखी सुटते. मापं घ्यायला पाच मिनिटं लागतात, गेलेला डोळा परत येत नाही.